थाप मारायला शिकवणारा क्लास

या पावसाळ्यात रत्नागिरीत तीन महिने जिउ-जित्सूचा, म्हणजे समोरच्याला जमिनीवर पकडीत अडकवून शरण आणण्याच्या कुस्तीसारख्या खेळाचा, एक क्लास चालला आणि त्याच्या शिक्षकांनी अभ्यासक्रम म्हणून चार्ल्स ऑलिव्हेरा या एकाच ब्राझिलियन लढवय्याची कारकीर्द समोर ठेवली. मी तो क्लास पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत केला, फी स्वतःच्या खिशातून भरली आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या मुलांकडून गळा आवळून घेतला, त्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी मानतो. क्लासचे आणि शिक्षकांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि हा सगळा उद्योग एकटा माणूस आपल्या हिमतीवर चालवतो.

जागा म्हणजे एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला. पावसाळ्यात लग्ने जवळपास थांबतात आणि चातुर्मासात मुहूर्तच नसतात, त्यामुळे मालकाला रिकामा हॉल भाड्याने देणे परवडते आणि शिक्षकांना तो स्वस्तात मिळतो. तुकडी 1 जूनला सुरू करण्यामागेही हिशेब होता: जून आणि जुलै हे मासेमारी बंदीचे महिने, तेव्हा मिरकरवाड्याची सात-आठ मुले मोकळी होती आणि ती आली. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेआठ सराव आणि शनिवारी पडद्यावर लढत पाहून तिच्यातली एक पकड शिकणे, असा क्रम होता. तीन महिन्यांचे साडेचार हजार रुपये मला जास्त वाटले नाहीत. जाड सुती गणवेश, ज्याला ‘गी’ म्हणतात, तो सरांनी कोणालाही घ्यायला लावला नाही. आपल्याकडे आषाढात साधा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे ते दीड-दोन किलोचे कापड आठवड्यातून तीनदा भिजवून काय होणार, हे त्यांना कळत होते. टी-शर्ट आणि अर्धी विजार एवढ्यावर भागले.

ऑलिव्हेराच का, हा प्रश्न मी पहिल्याच शनिवारी विचारला होता, कारण तो ज्या मिश्र लढतींत (ठोसे, लाथा आणि पकडी सगळे चालते अशा) खेळतो, त्या खेळाला ब्राझीलने अँडरसन सिल्व्हापासून जोझे आल्दोपर्यंत आणि अमांडा नूनेसपर्यंत विजेत्यांची रांगच दिली आहे. सरांचे उत्तर होते की बाकीचे फार लवकर थोर झाले. हा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हळूहळू, चुका करत घडला. ऑलिव्हेराचा जन्म 17 ऑक्टोबर 1989 चा, साओ पावलो राज्यातल्या गुआरुजा या किनारी शहरातला. शहराच्या एका बाजूला पर्यटकांचे समुद्रकिनारे आणि दुसऱ्या बाजूला सांतोस बंदराला लागून असलेली कष्टकऱ्यांची वस्ती. ऑलिव्हेरा या दुसऱ्या बाजूचा. (मांडवीला भेळ खाऊन परतणाऱ्यांना जेटीवर पहाटे काय चालते याची कल्पना नसते, तसाच हा प्रकार असावा.) सातव्या वर्षी त्याला संधिवाताचा ताप आणि हृदयाचा दोष असल्याचे निदान झाले, खेळ तर सोडाच, पुढे नीट चालता तरी येईल का अशी शंका डॉक्टरांनी घरच्यांना बोलून दाखवली, आणि तरीही बाराव्या वर्षाच्या सुमारास तो जिउ-जित्सूच्या चटईवर उतरला. ‘दो ब्रॉन्क्स’ हे त्याचे टोपणनाव झोपडवस्तीतून आलेला याच अर्थाचे आहे आणि ते तो अभिमानाने मिरवतो.

1 ऑगस्ट 2010 रोजी, वयाची एकवीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, तो यूएफसी या मिश्र लढती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेत पहिली लढत खेळला आणि डॅरेन एल्किन्सला 41 सेकंदांत हाताच्या कुलपात, म्हणजे कोपर उलटा ताणणाऱ्या पकडीत, अडकवून जिंकला. त्यानंतर विजेतेपदाचा पट्टा कमरेला लागायला 15 मे 2021 उजाडावा लागला. मधल्या जवळपास अकरा वर्षांत तो जितक्या झटपट जिंकत होता तितक्याच झटपट हरतही होता, एकापेक्षा अधिक वेळा वजनात बसला नाही, आणि दबाव आला की हा मनातून हरतो असा शिक्का त्याच्यावर बसला. यूएफसीच्या इतिहासात प्रतिस्पर्ध्याला शरण आणून सर्वाधिक विजय मिळवणाऱ्याची ही गोष्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे सरांची निवड पटते.

आता प्रत्यक्ष शिकवण्याविषयी. आमच्या तुकडीतले निम्मे लोक कबड्डीतून आलेले होते, मीही त्यांतलाच, आणि दोघे जण घाटावर कुस्ती खेळलेले होते. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. त्यामुळे ऑलिव्हेरा स्वतः होऊन पाठीवर पडतो आणि तिथून दोन पायांत समोरच्याला गुंतवतो, हे पाहून त्या दोघांना पहिले काही दिवस अक्षरशः लाज वाटत होती. जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. त्याचे पाय म्हणजे त्याचे आणखी दोन हात असतात, ही गोष्ट सरांनी व्याख्यान न देता करून दाखवली. त्यांनी त्या दोघांतल्या दांडग्याला आपल्या अंगावर बसवले आणि पाच मिनिटांत तीनदा त्याचा कोपर कुलपात घेतला. आम्हा कबड्डीवाल्यांची अडचण वेगळी होती. आमचा हात घोट्यावर बरोबर जातो, पकड लोखंडी असते, पण ती पाच-सात सेकंदांची असते; चढाईवाला एकदा मैदानात आडवा झाला की आपले काम संपते. इथे काम तिथून सुरू होते. पहिल्या आठवड्यात माझी बोटे इतकी आखडली की सकाळी ब्रशवर पेस्ट घेताना ट्यूब दाबवत नव्हती. जाळी ओढणाऱ्या मुलांना हा त्रास मुळीच झाला नाही, कारण दोर धरून ताकद टप्प्याटप्प्याने कशी वापरायची हे त्यांचे हात आधीच शिकून आले होते.

मागून गळा आवळण्याची पकड, जिला सगळे ‘रिअर नेकेड चोक’ म्हणतात, तिच्यावर तीन शनिवार खर्च झाले आणि ते तीन शनिवार म्हणजे या क्लासचा सर्वोत्तम भाग होय. पडद्यावर 11 डिसेंबर 2021 ची डस्टिन पॉरिएविरुद्धची लढत होती. पहिल्या फेरीत ऑलिव्हेरा ठोसा खाऊन खाली जातो, दुसऱ्या फेरीत वर राहून बाजी सावरतो आणि तिसऱ्या फेरीत उभ्या उभ्याच पॉरिएच्या पाठीवर चढतो. आम्ही शेवटचे ते एक मिनिट वीस वेळा तरी पाहिले असेल. पायांचे आकडे आधी बसतात आणि हात मागाहून जातो. हात श्वासनलिकेवर नसून कोपराचा खळगा हनुवटीखाली येतो, त्यामुळे मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दबतात. दुसरा हात डोक्यामागे जातो आणि छाती फुगवली की काम होते. धमन्या नीट दबल्या तर माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो, म्हणून ही पकड शिकवताना सर एका वेळी एकाच जोडीला सोडत आणि स्वतः गुडघ्यावर बसून पाहत. या बाबतीत मी त्यांना शंभरपैकी शंभर गुण देईन.

याच संदर्भात क्लासचा पहिला नियम सांगायला हवा. पकड लागली, सुटका नाही असे कळले, की समोरच्याच्या अंगावर किंवा चटईवर हाताने थाप मारायची. तिसऱ्या क्षणाला पकड सुटली पाहिजे. आपल्या भाषेत थाप मारणे म्हणजे खोटे बोलणे, आणि इथे मात्र त्या दीड तासात माणूस सर्वांत खरे बोलतो तो थाप मारताना, ही गंमत सरांनी पहिल्या दिवशी सांगितली आणि मग मुलांनी तिचा इतका पिच्छा पुरवला की उशिरा येणाऱ्याला सगळे ‘थाप मार’ म्हणून ओरडू लागले. जो थाप मारायला लाजतो त्याचा कोपर जातो. टोनी फर्ग्युसनने डिसेंबर 2020 मध्ये ऑलिव्हेराच्या कुलपात हात भलत्या दिशेला वळूनही थाप मारली नव्हती. ते दृश्य दाखवून सरांनी एवढेच विचारले की तुमच्यापैकी कोणाला सोमवारी कामावर जायचे नाही?

आता मुख्य तक्रार. ऑलिव्हेराची कारकीर्द समोर ठेवायची, तो चुकत चुकत घडला म्हणून त्याची निवड केली असे सांगायचे, आणि बारा शनिवारांपैकी एकाही शनिवारी त्याची हरलेली लढत दाखवायची नाही, हे मला अखेरपर्यंत समजले नाही. पाहिले ते सगळे विजय. मायकेल चँडलरविरुद्ध पहिल्या फेरीत मार खाऊन दुसरीच्या एकोणिसाव्या सेकंदाला संपवलेली 2021 ची लढत पाहिली, तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि मीही मारली. पण 22 ऑक्टोबर 2022 रोजी अबू धाबीत इस्लाम मखाचेव्हने त्याला दुसऱ्या फेरीत आधी ठोशाने पाडले आणि मग हात व मान एकत्र आवळून शरण आणले, ती लढत शिकणाऱ्याला अधिक उपयोगाची आहे. पाठीवर पडून लढण्यात जगात ज्याचा हात कोणी धरत नाही, तोच पाठीवर असताना समोरच्याने त्याला जागाच कशी दिली नाही, हे त्यात दिसते. आणि आम्ही सगळे नवशिके नेमके त्याच जागी, कोणाच्या तरी वजनाखाली, रोज अडकत होतो. जून 2025 मध्ये इलिया तोपुरियाने त्याला पहिल्याच फेरीत बेशुद्ध केले. तीही लढत टाळली. मी विचारले तेव्हा सर म्हणाले, “काका, पोरांचा उत्साह जातो.” मला तसे वाटत नाही. मिरकरवाड्याच्या पोरांना रिकाम्या जाळ्याचे काय सांगायचे?

एक अपवाद मात्र झाला, आणि तोही पराभव नव्हता. मे 2022 मध्ये फिनिक्सला जस्टिन गेटजीविरुद्ध पट्टा राखायला ऑलिव्हेरा गेला आणि वजनकाट्यावर 155 पौंडांच्या मर्यादेपेक्षा अर्धा पौंड जास्त भरला. साध्या लढतीत एका पौंडाची सूट असते, पट्ट्याच्या लढतीत ती नसते. त्याला आणखी एक तास मिळाला, तरी काटा तिथेच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी गेटजीला पहिल्याच फेरीत गळा आवळून हरवूनही पट्टा त्याच्याकडे उरला नाही. अर्धा पौंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. “सर, आमच्या जेटीवर पाव किलोला विचारतंय कोण?” असे एक मुलगा म्हणाला आणि हॉल हसला, पण सरांनी त्या दिवशी हॉलमधला वजनकाटा काढून प्रत्येकाला सरावाआधी आणि सरावानंतर उभे केले. दीड तासात माझे सहाशे ग्रॅम केवळ घामाने गेले होते. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि पाणी न पिता वजन उतरवण्याचा नाद इथे किती अंगाशी येऊ शकतो, हे त्यांनी तेव्हा ज्या पद्धतीने समजावले, तसेच त्यांनी मखाचेव्हची लढतही समजावली असती, एवढेच माझे म्हणणे आहे.

चटयांबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. जुलैच्या मध्यात हॉलची एक भिंत झिरपू लागली, चटया खालून ओल्या राहू लागल्या आणि पंधरा दिवसांत आमच्यापैकी चौघांना गजकर्ण झाले, मला मानेवर. जंतुनाशकाने पुसणे रोज होत होते, परंतु पुसलेली चटई वाळल्याशिवाय त्या पुसण्याला अर्थ नाही आणि वाळायला ऊन नव्हते. मी लाकडी फळ्या टाकून चटया वर उचलण्याची सूचना केली. ती मानली गेली, पण ऑगस्टमध्ये. नवीन येणाऱ्यांनी नखे कापून, सरावानंतर लगेच अंघोळ करून आणि स्वतःचा टॉवेल घेऊनच यावे.

ठोसे-लाथा येथे शिकवत नाहीत आणि तसे आधीच सांगतात. मुली चारच होत्या; त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवली तर संख्या वाढेल. प्रोजेक्टर जुना आहे आणि वीज गेली की शनिवार बुडतो.

ऑगस्ट उजाडला, नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या आणि तुकडीतली सगळ्यांत चांगली मुले यायची थांबली. सरांनी त्यांच्या एका महिन्याच्या फीचे पैसे कोणी न मागता परत केले, हे मी स्वतः पाहिले आहे. तुळशीच्या लग्नानंतर हा हॉल मिळणार नाही, म्हणून पुढची तुकडी आंब्याच्या पेट्या ठेवायच्या एका गोदामात भरणार आहे; ते फेब्रुवारीपर्यंत रिकामे असते, जमीन कोरडी आहे आणि छप्पर उंच आहे. मी नाव नोंदवले आहे. फी भरताना पावतीच्या मागे ‘अबू धाबी, 2022, पहिला शनिवार’ एवढे लिहून दिले. सरांनी ते वाचले आणि पावती खिशात घातली.