ऑटोमॅटिक टी-शर्ट प्रिंटिंग मशीन: दिवाळी ते पोळा, वापरून काय कळलं

दिवाळी झाल्यावर हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये स्क्रीन प्रिंटिंगची (म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापायची) ऑटोमॅटिक मशीन बसवली, आठ कलर दहा पॅलेट (टी-शर्ट चढवायच्या पाट्या), गोल फिरणारी. आता पोळा झाला, मारबत निघाली, म्हणजे हिवाळा उन्हाळा पावसाळा तिन्ही बघून झाले, तर लिहून टाकतो. मशीन भारतातलीच आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली शिव्या पण आहेत. आधी एमअँडआर, आरओक्यू वगैरे बाहेरच्या मशीनचे व्हिडिओ बघून बघून झोप उडाली होती, कोटेशन आल्यावर परत छान झोप लागली.

पहिली गोष्ट, आठ कलरची मशीन म्हणजे आठ कलर नाही. दहा पॅलेटपैकी एक टी-शर्ट चढवायला, एक उतरवायला, राहिले आठ, प्रत्येकावर एका रंगाचं छापायचं हेड. आमचं जास्त काम गडद कपड्यावर, दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी निळ्यावर पांढरा लागतो तसा. त्यात आधी पांढरा बेस मारायचा, मग फ्लॅशखाली (शाई झटकन सुकवणारा हीटर) सुकवायचा, मग वरचे रंग. फ्लॅश एका हेडची जागा खातो, त्याच्या पुढचं हेड थंड व्हायला रिकामं सोडावं लागतं नाहीतर गरम कपडा पुढच्या स्क्रीनला चिकटतो, आणि बेसने एक खाल्लं. हातात उरले पाच. हे विकणारा स्वतःहून सांगत नाही, विचारलं तर मात्र लगेच "हो ना सर" म्हणतो.

स्पीडचंही तसंच. कागदावर तासाला ९०० लिहिलंय आणि रिकामी फिरवली तर फिरते पण. पण फ्लॅशला सहा सेकंद लागतात आणि पुढच्या स्टेशनवर सरकायला दोन, झाले आठ, म्हणजे तासाला ४५० च्या वर जाऊच शकत नाही. त्यात शाई पक्की करायचा आमचा ड्रायर जुना, हाताच्या मशीनच्या काळातला, आठ फुटी चेंबर, पट्ट्यावर एका वेळी सहा टी-शर्ट बसतात आणि प्लास्टिसोलला (गरमीनेच पक्की होणारी शाई) आत मिनिटभर तरी पाहिजे, म्हणजे ड्रायरचे तासाला ३६०. पहिल्या आठवड्यात ड्रायरच्या तोंडाशी ओल्या मालाचा ढीग लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग पोरांनी पट्टा जोरात सोडला आणि तो लॉट पहिल्याच धुण्यात तडकला. शाईच्या पूर्ण थराला साधारण १६० डिग्री मिळायला पाहिजे, ड्रायरच्या डब्यावरचा आकडा हवेचा असतो, शाईचा नाही. आता दर लॉटला टेम्परेचर स्ट्रिप चिकटवून आत सोडतो आणि एक पीस घरच्या वॉशिंग मशीनमध्ये जातो. बायको वैतागली आहे.

आता सगळ्यात जास्त कशाने रडवलं ते सांगतो, कूलरने. स्क्रीनवर इमल्शन (डिझाइन सोडून बाकीची जाळी बंद करणारा, लाइटने पक्का होणारा थर) लावायची आमची छोटी खोली आहे, तिथे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, मे महिन्यात त्याशिवाय माणूस उभाच राहत नाही. फेब्रुवारीपर्यंत स्क्रीन मस्त टिकत होत्या, एप्रिलपासून तीनचारशे पीस झाले की पिनहोल (त्या थरात बारीक भोकं), निळ्या टी-शर्टवर भलत्याच ठिकाणी पांढरे ठिपके, दर दहा मिनिटांनी मशीन थांबवून मागून टेप लाव. मी इमल्शनवाल्याशी भांडलो, दोनदा ब्रँड बदलला, एक्सपोजरचा (लाइट द्यायचा) टाइम वाढवला, कमी केला, दिवा बदलायला निघालो होतो. आमचे कोटिंगवाले मामा तीस वर्षं हेच काम करून राहिले, ते एक दिवस म्हणाले, "भाऊ, कूलरसमोर पापड वाळते का?"

बस. इमल्शन हाताला सुकं लागत होतं पण आत ओल, आणि ओल असली की कितीही लाइट द्या ते पक्कं होत नाही. गंमत म्हणजे बाहेर मे महिन्याची नागपूरची हवा, त्या हवेत टॉवेल पाच मिनिटांत कडक होतो, आणि आम्ही खोली बंद करून त्यात पाणी सोडत होतो. आता तिथे सेकंडहँड एसी आहे, भिंतीला ओलावा दाखवणारं स्वस्तातलं घड्याळ, काटा ४०-५० टक्क्यांच्या वर गेला की कोटिंग बंद. तोच कूलर उचलून मशीनजवळ ठेवला, कारण पाण्याच्या शाईचं नेमकं उलटं आहे, कोरड्या हवेत ती जाळीतच सुकून बसते. चहाला थांबायचं असेल तर स्क्रीनवर शाई पसरवून थांबायचं, कोरडी जाळी सोडून गेलात तर आल्यावर अर्धा तास पुसत बसा.

फ्रेमबद्दल एकच, लाकडी फ्रेम विसरा. आम्ही काटकसर म्हणून जुन्याच चढवल्या, एका बाजूचं रजिस्ट्रेशन (रंग नेमक्या जागी बसणं) जुळवलं की दुसरीकडे सुटायचं. अ‍ॅल्युमिनियम घ्या, टेन्शन मीटर घ्या, २५ न्यूटनच्या आसपास जाळी ताणलेली ठेवा. आणि सकाळी मशीन सुरू केली की आधी पॅलेट फ्लॅशखाली फिरवून गरम करून घ्या, थंड पॅलेटवर जुळवलेलं रजिस्ट्रेशन वीसेक पीसनंतर सरकतं.

मरून जर्सीचं काम मात्र पूर्ण आमची चूक. पॉलिस्टर होतं, पांढरे नंबर छापले, झक्कास दिसले, पॅक करून ठेवले. दोन दिवसांनी गिऱ्हाईकाचा फोन, "भाऊ, हे नंबर गुलाबी काऊन होऊन राहिले?" गरमीने कपड्याचा रंग वर शाईत चढतो आणि लगेच दिसत नाही, हळूहळू दिसतो. आता पॉलिस्टरला खाली रंग वर चढू न देणारा ब्लॉकर बेस आणि कमी तापमानाची शाई, याशिवाय हातच लावत नाही.

मशीनला दाबाची हवा देणाऱ्या लाइनमध्ये पावसाळ्यात पाणी येतं, कंप्रेसरसोबत ते पाणी काढणारा एअर ड्रायर घ्याच. जुलैत दोन हेड मधेच अडखळायला लागले, सर्व्हिसवाल्याने फोनवर आठ दिवस नुसतं "रीसेट करा" सांगितलं, शेवटी आम्हीच व्हॉल्व्ह खोलला तर आतून पाणी. आणि अवकाळीत लाइट गेली की ड्रायरचा पट्टा थांबतो, आत माल तसाच, सहा टी-शर्ट करपले आमचे, आग लागली नाही हे नशीब. पट्टा फिरवायचं हँडल आता साखळीने ड्रायरलाच बांधलंय.

छोट्या ऑर्डर मी अजून हाताच्या मशीनवरच करतो. सहा कलरचे १०० पीस असतील तर ऑटोमॅटिकवर छपाई तेरा-चौदा मिनिटांची आणि सेटिंग चाळीस मिनिटांची, कशाला. ५०० च्या वर मात्र तोड नाही, पहिला पीस आणि शेवटचा पीस सारखा, आधी बारा पोरं दिवसाला ७०० काढायची, आता पाच जण २२०० च्या पुढे जातात, आणि बाकीची पोरं पॅकिंगला गेली, घरी नाही गेली.

दसऱ्याच्या आधी ड्रायर बदलायचा आहे. कोणाकडे वापरलेला, चौदा-पंधरा फुटी चेंबरचा पडून असेल तर सांगा, नागपूर-अमरावतीकडचा असला तर बरं, भाडं वाचेल.