सह्याजीराव व्हायचं नसेल तर... नव्या डायरेक्टरांसाठीच्या ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू

कोर्सचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाहीये. पण पहिल्यांदाच कंपनीच्या बोर्डावर, म्हणजे संचालक मंडळावर, जाणाऱ्यांसाठी असे कोर्स आता बरेच निघालेत आणि साचा साधारण सारखाच असतो, त्यामुळे घेताना काय बघायचं एवढं तरी यातून कळेल.

मी वीसेक वर्षं ऑपरेशन्समध्ये. ओळखीतल्या एका कंपनीने नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर (बोर्डावर असतो, पण रोजचा कारभार बघत नाही) म्हणून येता का विचारलं. फोनवर सांगितलं काय, तर "फार काही काम नसतं मॅडम, वर्षातून चार-पाच मीटिंगा, बाकी सगळं आम्ही बघतो." तेव्हा ऐकून बरं वाटलेलं. कोर्सच्या दुसऱ्याच मॉड्यूलला हेच वाक्य आठवलं आणि पोटात गोळा आला.

एकूण सहा रेकॉर्डेड मॉड्यूल्स, प्रत्येकानंतर क्विझ, आणि शेवटी दिवसभराची लाइव्ह मॉक बोर्ड मीटिंग. पहिलं मॉड्यूल दीडपट स्पीडने बघा, काही बिघडत नाही, बाई नुसत्या स्लाइड वाचून दाखवतात. त्यातलं कामाचं एवढंच की कंपनी चालवायची मॅनेजमेंटने आणि ती नीट चालवली जातेय का हे बघायचं बोर्डाने. म्हणजे दिशा ठरवणं, सीईओ नेमणं आणि वेळ आली तर काढणं, मोठ्या खर्चाला मंजुरी देणं, जोखमीवर नजर ठेवणं, हिशेब तपासून त्यावर सही करणं. ब्रिटनमधल्या १९९२ च्या कॅडबरी रिपोर्टचा उल्लेख येतो, चेअरमन आणि सीईओ ही दोन कामं एकाच माणसाकडे असू नयेत असं त्यात सुचवलं होतं. सीईओचा हिशेब बोर्डाने घ्यायचा आणि बोर्डाचा अध्यक्ष पण तोच, म्हणजे परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचा, हे मला लगेच पटलं. आणि इन्स्ट्रक्टरचं एक वाक्य वहीत लिहून ठेवलंय, "बोर्डावर नाक खुपसायचं, हात घालायचा नाही." माझ्यासारख्या ऑपरेशन्सवाल्यांना हे फार जड जातं, कारण मशीन बंद पडलं म्हटलं की आमचे हात आधी शिवशिवतात.

दुसरं मॉड्यूल मात्र दोनदा बघा. डायरेक्टरची जबाबदारी दोन गोष्टींवर उभी असते, काळजी आणि निष्ठा. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यात कलम १७१ ते १७७ मध्ये अशी सात कर्तव्यं मोजून लिहिलीत, इतरत्र शब्द वेगळे असतील पण गाभा जवळपास हाच. काळजी म्हणजे नेमकं काय हे त्यांनी अमेरिकेतल्या ट्रान्स युनियन कंपनीच्या केसवरून सांगितलंय. १९८० मध्ये बोर्डाने जेमतेम दोन तासांच्या मीटिंगमध्ये आख्खी कंपनी विकायला होकार दिला, सीईओ २० मिनिटं तोंडी बोलला, हातात कागद नाही, ५५ डॉलरला शेअर हा भाव आला कुठून हे कुणी विचारलं नाही. १९८५ मध्ये तिथल्या डेलावेअर राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की डायरेक्टर लोकांनी घोर निष्काळजीपणा केला. यात कुणी पैसे खाल्ले नव्हते हे लक्षात घ्या, उलट भाव बाजारातल्या दरापेक्षा बराच वरचा होता. कोर्टाने बोट ठेवलं ते निर्णय घेण्याच्या पद्धतीवर. म्हणजे निर्णय चुकला तर कोर्ट बहुतेक वेळा सांभाळून घेतं, पण न वाचता, न विचारता घेतलेला निर्णय असेल तर नाही.

त्याला जोडूनच ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रो कंपनीची केस, निकाल २०११ चा. वर्षभरात फेडायचं सुमारे दीड अब्ज डॉलरचं कर्ज हिशेबात लांब मुदतीचं म्हणून दाखवलं गेलं आणि बोर्डाने सही केली. डायरेक्टरांचं म्हणणं होतं की फायनान्सचे लोक होते, ऑडिटर होते, आम्ही त्यांच्यावर विसंबलो. कोर्ट म्हणालं, वार्षिक हिशेब स्वतः वाचून समजून घेणं हे तुमचंच काम, ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही. हे ऐकून मी व्हिडिओ पॉज केला आणि कंपनीने मला पाठवलेला बॅलन्स शीट काढला. खरं सांगते, अर्धा कळला नाही.

आणि नेमकं इथेच कोर्स कमी पडतो. फायनान्सचं मॉड्यूल ३५ मिनिटांचं! त्यात पंधरा मिनिटं रेशो, कॅश फ्लो तर असा पळवलाय की जणू गाडी सुटतेय. नफा दिसतोय आणि बँकेत पैसा नाही असं कसं होतं हे एकाच उदाहरणावरून पूर्ण उलगडून दाखवलं असतं तरी चाललं असतं. ज्यांना आकडे येतात त्यांना याची गरज नाही, ज्यांना येत नाहीत त्यांना हे पुरत नाही, मग बनवलंय कुणासाठी?

डायरेक्टरांचे प्रकारही नीट सांगितलेत. एक्झिक्युटिव्ह, नॉन-एक्झिक्युटिव्ह, इंडिपेंडंट (कंपनीशी दुसरा काही हितसंबंध नसलेला), आणि गुंतवणूकदाराने पाठवलेला नॉमिनी. नॉमिनीचा भाग माझ्यासाठी नवा होता. मला वाटायचं ज्याने पाठवलं त्याची बाजू मांडायची, तर तसं नाही, एकदा खुर्चीत बसलात की बांधिलकी कंपनीशी, पाठवणाऱ्याशी नाही. आणि "मी नावापुरताच आहे" असा काही प्रकार कायद्यात नसतो.

निष्ठेच्या भागात, म्हणजे स्वतःच्या आधी कंपनीचं हित बघायचं तिथे, एन्रॉन ही अमेरिकन कंपनी येणारच होती. पण त्यांनी नेहमीचा घोटाळा न सांगता बोर्डावर बोट ठेवलं हे आवडलं. कंपनीचा सीएफओ (पैशाचा कारभार बघणारा प्रमुख) स्वतः बाहेर पार्टनरशिप काढून कंपनीशीच व्यवहार करणार होता, हे बोर्डापासून लपवलेलं नव्हतं. १९९९ मध्ये बोर्डाने आचारसंहितेतून त्याला रीतसर सूट दिली. कुंपण शेत खायला निघालं आणि परवानगीच्या कागदावर ठराव नंबर! हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या बोर्डाच्या ऑडिट कमिटीचे अध्यक्ष स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचे माजी डीन, अकाउंटिंगचे प्रोफेसर. हुशारी कमी नव्हती हो. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

आता मॉक मीटिंग. फक्त यासाठी कोर्स घेतला तरी चालेल.

आम्ही अकरा जण. आदल्या रात्री साडेनऊला बोर्ड पॅक, म्हणजे मीटिंगआधी वाचायचे कागद, आलं, १६४ पानांचं, मीटिंग सकाळी दहाला. मी इंडिपेंडंट डायरेक्टर आणि ऑडिट कमिटीत. सत्तर पानांपर्यंत पोचले आणि झोप लागली. मीटिंग मस्त चालली होती, सगळे शहाण्यासारखे बोलत होते, पहिल्या दोन विषयांनाच दीड तास गेला. मग जेवणाच्या सुट्टीआधी पाच मिनिटं विषय क्रमांक ७, गोदाम भाड्याने घेणे, शेरा "रूटीन". चेअरमन झालेले गृहस्थ म्हणाले, "सगळ्यांची संमती आहे ना? चला पुढे." आम्ही दहा नंदीबैल, दहाही माना डोलल्या.

इन्स्ट्रक्टरने तिथे थांबवलं आणि स्क्रीनवर पान ११२ लावलं. खाली बारीक अक्षरात टीप, गोदामाच्या मालक कंपनीत सीईओच्या मेव्हण्याचा मोठा हिस्सा. "हे किती जणांनी वाचलं?" अळीमिळी गुपचिळी. एकाने तर कॅमेराच बंद केला.

मग तोच विषय परत घेतला. मी विचारलं, "दुसऱ्या जागांची कोटेशनं घेतली होती का?" सीईओची भूमिका करणारा गडी अगदी खराखुरा चिडला, "माझ्यावर विश्वास नाहीये का मॅडम?" आणि माझी वाचाच बसली. मॉक आहे, खोटं आहे, सगळं माहिती असून. इन्स्ट्रक्टरने मग वाक्य दिलं, "विश्वासाचा प्रश्न नाही, मिनिट्समध्ये काय लिहायचं ते विचारतेय." पाठ करून ठेवलंय. (मिनिट्स म्हणजे मीटिंगची लेखी नोंद.) रीत अशी की ज्याचा हितसंबंध आहे त्याने तो आधी स्वतःहून जाहीर करायचा आणि त्या विषयाला चर्चेतून, मतदानातून बाजूला व्हायचं. तो बाहेर गेल्यावर कोरम, म्हणजे मीटिंगला लागणारी किमान हजेरी, उरतो का हेही बघायचं, आमचं ते बघायचं राहिलंच होतं, कंपनी सेक्रेटरी झालेल्या मुलीने हात वर करून आठवण करून दिली. त्या दिवशी सगळ्यात जास्त शुद्धीवर तीच होती.

दुपारी मिनिट्स लिहायला बसवलं. आमच्या गटाने लिहिलं, "चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर." लगेच प्रश्न, "कुठली चर्चा?" आणि मग अमेरिकेतल्या ब्लू बेल आइस्क्रीम कंपनीची केस. २०१५ मध्ये त्यांच्या मालात लिस्टेरिया हा घातक जंतू सापडला, तीन माणसं गेली. मॅनेजमेंटकडे धोक्याचे रिपोर्ट येत होते पण बोर्डाच्या मिनिट्समध्ये त्यावर चर्चा झाल्याची खूणच नाही, अन्नसुरक्षेवर नजर ठेवणारी कमिटीही नाही. आइस्क्रीम विकणारी कंपनी! २०१९ मध्ये डेलावेअरच्या सुप्रीम कोर्टाने शेअरहोल्डरचा दावा पुढे चालू द्यायला हेच कारण धरलं. जे मिनिट्समध्ये नाही ते झालं होतं हे नंतर कसं सिद्ध करणार? तुमचा विरोध असेल तर तोही नाव घालून नोंदवून घ्या, गप्प बसलात तर होकारच धरला जातो.

बाकी तक्रारी पटापट. डायरेक्टरांच्या विम्यावर फक्त दोन स्लाइड्स, आणि मुख्य गोष्ट सांगितलीच नाही, की या पॉलिसीत बहुतेक वेळा दावा कधी दाखल झाला ते बघतात, घटना कधी घडली ते नाही, त्यामुळे राजीनामा दिल्यावर पुढची काही वर्षं कव्हर राहतंय का हे आधीच विचारावं लागतं. मी चॅटमध्ये यावर प्रश्न टाकला, आठ दिवसांनी "कृपया मॉड्यूल ५ पाहा" असं उत्तर आलं. मॉड्यूल ५ बघूनच विचारलं होतं ना बाई! सायबर सिक्युरिटीचं मॉड्यूल कुठल्याही ऑफिसात दाखवतात तसलंच. क्विझमध्ये सगळ्यात लांबलचक पर्याय निवडत जा, पास व्हाल. अ‍ॅप बंद केलं की व्हिडिओ परत पहिल्यापासून. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलं, दोनदा मेल करून अजून तसंच आहे. आणि रेकॉर्डिंग ९० दिवसांनी बंद होतात, तेव्हा टेम्प्लेट्स आधीच उतरवून घ्या, हितसंबंध जाहीर करण्याचा फॉर्म आणि पहिल्या मीटिंगआधी विचारायच्या प्रश्नांची यादी खरंच चांगली आहे.

रेटिंग : मॉक मीटिंगला ५ पैकी ५, रेकॉर्डेड भागाला ३, सपोर्टला १ आणि तोही दया म्हणून.

ती प्रश्नांची यादी मी वापरली. होकार द्यायच्या आधी त्या कंपनीकडे मागच्या वर्षाची मिनिट्स, ऑडिटरचे रिपोर्ट, विम्याची पॉलिसी आणि नेमणुकीच्या पत्राचा मसुदा मागितला. फोनवर थोडा वेळ शांतता, मग "आजवर कुणी मागितलं नव्हतं हो मॅडम, पण पाठवतो." चार मीटिंगांपैकी दोनची मिनिट्स आली. प्रत्येकी एक पान, आणि दोन्हींच्या शेवटी तेच, चर्चेअंती एकमताने मंजूर. उरलेल्या दोनची वाट बघतेय, होकार अजून दिलेला नाही.