झोटेरोचे आठ महिने आणि शके 1850चं पुस्तक

मुलगी आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा एक्स्टेंडेड एसे म्हणजे 4000 शब्दांची मर्यादा असलेला इंग्रजी निबंध. विषय तिनेच निवडला: नारायण मेघाजी लोखंडे आणि 1890 साली गिरणी कामगारांना मिळालेली रविवारची सुट्टी. शाळेने संदर्भ लिहिण्यासाठी एमएलए या शैलीची नववी आवृत्ती सांगितली. पहिला महिना आमच्या घरात स्वल्पविरामांवरून चिडचिड झाली. संदर्भ फुकट बनवून देणारी एक साइट वापरली, तर तिने दोन ठिकाणी साल चुकवलं. मग झोटेरो घेतलं, म्हणजे संदर्भ साठवून ते हव्या त्या शैलीत मांडून देणारं सॉफ्टवेअर.

इंग्रजी पुस्तकांना काही करावंच लागत नाही. जादूच्या कांडीच्या चिन्हावर टिचकी मारून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, टाकला की बहुतेकदा नोंद तयार. वर्डमध्ये वाक्यापुढे कंसातला संदर्भ येतो, शेवटची यादी आपोआप लागते, दुसऱ्या ओळीपासून अर्धा इंच आतसुद्धा. तिच्या दुसऱ्या एका विषयाला एपीए ही वेगळी संदर्भशैली हवी होती, तेव्हा शैली बदलली आणि सगळे संदर्भ एका झटक्यात फिरले. त्या दिवशी मला खरंच आनंद झाला.

मराठी पुस्तकांची गोष्ट वेगळी. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आम्ही तीन शनिवार बसलो. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो, साल शकात असतं. शके 1850 म्हणजे 78 मिळवून 1928. पण पुस्तक माघ-फाल्गुनातलं असेल तर 79 मिळवायचे. आमचं फाल्गुनातलंच निघालं, म्हणून 1929. हे कोणतंही सॉफ्टवेअर करून देणार नाही, मुखपृष्ठाच्या मागचं पान हातात धरूनच लिहावं लागतं. एका ऑनलाइन दुकानाच्या पानावरून घेतलेल्या नोंदीत तर प्रकाशकच लेखकाच्या रकान्यात बसला होता. म्हणून आता मराठी पुस्तकांची नोंद आम्ही हातानेच करतो.

एक गोष्ट फार उशिरा कळली. मराठी नाव रोमन लिपीत लिहिलं की एमएलएच्या शैलीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं होतं. भाषेच्या रकान्यात मराठीचा 'एमआर' हा कोड रोमन अक्षरांत घातला की ते थांबतं. आधी माहीत असतं तर एक पूर्ण संध्याकाळ वाचली असती.

पानाची मांडणी मात्र आपलीच जबाबदारी. चारी बाजूंना एक इंच समास, दुप्पट ओळ-अंतर, वर उजवीकडे आडनाव आणि पानक्रमांक. वर्ड परिच्छेदानंतर स्वतःहून जागा सोडतं, ती शून्य करा; मुलीच्या पहिल्या मसुद्यावर बाईंनी तिथेच लाल खूण केली होती.

पैसे अजून एकही द्यावे लागलेले नाहीत. ऑनलाइन साठवण 300 एमबीपर्यंत फुकट. नोंदींना ती लागतच नाही, पण स्कॅन केलेली पानं तिच्यात मावत नाहीत, ती आम्ही पेन ड्राइव्हवर ठेवतो.