कॉर्टिसोल वाढलेलं असताना नायटा: मलम की गोळी?

कुशिंगमुळे (शरीरच जास्त कॉर्टिसोल बनवतं तो आजार) असो नाहीतर वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेऊन, कॉर्टिसोल या शरीरातल्या स्टेरॉइड हार्मोनचा परिणाम वाढला की प्रतिकारशक्ती ढेपाळते आणि नायटा पसरतच जातो. एखाद-दुसरा चट्टा असेल तर टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमॅझोलचं मलम बरं, रक्तात फारसं जात नाही, फक्त चट्ट्याच्या कडेबाहेरही थोडं लावायचं आणि खाज थांबली म्हणून लगेच सोडायचं नाही. (स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब तर नकोच, खाज जाते पण बुरशी मजेत वाढते.)

अंगभर पसरलं किंवा केसांच्या मुळात गेलं तर मात्र गोळीच लागते. त्यात इट्राकोनॅझोल जपून, कारण ते लिव्हरमध्ये काही स्टेरॉइडचा निचरा अडवतं, म्हणजे डोस तोच पण अंगात स्टेरॉइड जास्त, अगदी दम्याच्या ब्युडेसोनाइड पंपाचंसुद्धा! टर्बिनाफिनच्या गोळीत ही भानगड सहसा नसते, लिव्हरची टेस्ट तेवढी आधी करून घ्या.