एकच मुक्काम की रोज नवं गाव?

परदेशातली पूर्वजांची गावं गाडीने पाहायची, तर एकाच ठिकाणी राहून रोज जाऊन-येऊन करावं की पुढे सरकत जावं? गावं तासाभराच्या अंतरावर असतील, तर मी मुक्कामच निवडेन. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पणजोबांच्या नावाशेजारी साक्षीदाराचं गाव सापडलं, तर दुसऱ्या दिवशी तिकडे वळता येतं. दफनभूमीत तर अर्धा दिवस सहज जातो. झिजलेली अक्षरं तिरप्या उन्हातच नीट उमटतात, म्हणून तिथे सकाळी जावं. रोज पुढे सरकताना हा निवांतपणा मिळत नाही, आणि भाड्याची गाडी दुसऱ्या शहरात सोडली तर बहुधा जादा पैसे पडतात. गावं लांब विखुरलेली असतील तर मात्र सरकणंच बरं.