व्हेनिसला शार्कचे दात शोधायला जाताय? आधी हे वाचा

मंडळी, फ्लोरिडातल्या व्हेनिसला जायचा प्लॅन असेल तर प्लीज हे वाचा, आमच्या दादा-वहिनीला तिथे चक्क गंडवलंय आणि माझा राग अजून गेलेला नाही. पुण्याहून आले होते मुलांना घेऊन, पुतण्याला शार्कचं प्रचंड वेड, आम्ही टॅम्पाला ऑफिसात अडकलेलो, म्हणून त्यांनी ऑनलाइन एक गाईड बुक केला. त्याने टूरची फी घेतली ती घेतलीच, वर बीचवर पोचल्यावर "सरकारी परमिट" म्हणून माणशी 25 डॉलर कॅश काढून घेतले. अहो, शार्कच्या दातांना फ्लोरिडात परमिट लागतच नाही! राज्याच्या जमिनीवरून इतर पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म गोळा करायचे असतील तर लागतं, आणि ते गेन्सव्हिलचं नॅचरल हिस्टरी म्युझियम देतं, बीचवरचा कुणी माणूस नाही.

पुढचं तर अजून वाईट. पोरांना एका ठराविक जागीच वाळू चाळायला लावली आणि धडाधड दीड-दोन इंची दात निघाले, सगळे पिवळसर. व्हेनिसचे दात बहुतेक काळे नाहीतर राखाडी असतात, लाखो वर्षं गाळात राहून खनिजं मुरलेली असतात त्यांच्यात, आणि किनाऱ्यावर मिळतात ते बहुतेक नखाएवढे. असे पिवळे मोठे दात मोरोक्कोत खुरिब्गाच्या फॉस्फेटच्या खाणींतून ढिगाने निघतात, स्वस्तात विकले जातात, तेच याने आधी वाळूत पेरून ठेवलेले. घरी मी गरम पाण्यात भिजवले तर एकाचं मूळ सुटून बोटांत आलं, आत नुसता वाळू आणि गोंदाचा लगदा. पुतण्या शेजारीच उभा होता, काय सांगायचं त्या पोराला?

आणि जाता जाता "आज सकाळीच सापडला" म्हणून मेगालोडॉनचा, म्हणजे नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा, पाच इंची दात 180 डॉलरला गळ्यात मारला. हातात घेतला तेव्हाच हलका लागला. खऱ्या दाताचं मूळ खडबडीत असतं, वरचा भाग गुळगुळीत, दोन्हीच्या मधे वेगळ्या रंगाचा पट्टा, कडेला बारीक करवतीसारखे दाते. याच्यावर सगळीकडे एकसारखी चमक, कडेने साच्याची रेघ, आणि भिंगातून बारीक बुडबुडे दिसले. सुई तापवून टोचली तर प्लास्टिक जळल्याचा वास. रेझिन!

खरं तर तिथे गाईड लागतच नाही. कॅस्परसन बीचवर फुकट जाता येतं, ओहोटीला जा, लांब दांड्याची जाळी घ्या आणि लाट फुटते तिथले शिंपल्यांचे थर चाळा, काळं चकचकीत त्रिकोणी काही दिसलं की उचला. मेगालोडॉनचे मोठे दात बहुतेक डायव्हरना समुद्रात आत मिळतात, त्यामुळे बीचवर कुणी विकायला आला तर लांबच राहा.

दाताचे पैसे कार्डाने दिले होते, बँकेकडे तक्रार केल्यावर ते परत मिळाले. परमिटच्या नावाखाली घेतलेली कॅश मात्र गेली ती गेलीच, पावतीच दिली नव्हती त्याने.