फोन येत नाहीत: सिम बदलायचं, कंपनी बदलायची की हँडसेट?

आपण लावलेला फोन लागतो, नेट चालतं, व्हॉट्सअॅपवर सगळं येतं, आणि तरी घरचे म्हणतात, "तासभर लावतोय, लागतच नाही." अशा वेळी बहुतेक जण सरळ दुकान गाठतात. तिथे काय सल्ला मिळेल हे दुकानात काय विकतात यावर ठरतं. कंपनीच्या गॅलरीत नवं सिम सुचवतात, बाहेर छत्री लावून बसलेला सिमवाला पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला म्हणतो, दुरुस्तीवाला अँटेना बदलू म्हणतो आणि शोरूमवाला नवा फोन दाखवतो. चारही उपाय खरे आहेत, पण चार वेगवेगळ्या दुखण्यांवरचे. शिवाय ते कोणत्या क्रमाने करायचे यालाही महत्त्व आहे. क्रम चुकला तर आठवडाभर अडकून पडायला होतं, ते पुढे येईलच.

आधी लावणाऱ्याला विचारा

आपल्या फोनकडे कितीही टक लावून पाहिलं तरी फार कळत नाही. ज्याचा फोन लागला नाही त्याला विचारा, "तुला ऐकू काय आलं?" निम्मा निकाल इथेच लागतो.

"रिंग पूर्ण जात होती" असं उत्तर आलं, तर कॉल बहुधा तुमच्या फोनपर्यंत पोचला होता. मग सिमवर किंवा कंपनीवर खर्च करण्यात अर्थ नाही. डू नॉट डिस्टर्ब चालू असेल, रात्रीसाठी लावलेली वेळ दिवसभर चालू राहिली असेल, किंवा ब्लूटूथ पर्समधल्या इयरबडला जोडलेलं राहून घंटी तिथे वाजत असेल. आयफोनमध्ये कॉन्टॅक्टमध्ये नसलेले नंबर गप्प करण्याची सोय आहे. ती चालू असली की कुरिअरवाला आणि पॅथॉलॉजी लॅब दोघंही कॉलच्या यादीत दिसतात, पण फोन वाजत नाही. ट्रूकॉलरसारखं अॅप डायलर (कॉल लावायचं-घ्यायचं अॅप) म्हणून बसवलं असेल आणि त्याच्या परवानग्या अर्धवट असतील, तर घंटी वाजते पण स्क्रीनवर काहीच उमटत नाही.

"लगेच बिझी लागतो" असं असेल, तर ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी आणि कॉल बॅरिंग, म्हणजे कॉल अडवण्याचं सेटिंग, बघा. "सेवा बंद आहे" असं ऐकू आलं, तर पॅक संपलाय. हे दुसऱ्या सिमच्या बाबतीत फार होतं. फक्त बँकेसाठी ठेवलेल्या नंबरला नेटचा पॅक कशाला भरायचा, म्हणून रिचार्ज राहून जातो आणि काही दिवसांनी इनकमिंगही थांबतं. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं बंधनकारक केलं. अशा सिमसाठी ते पॅक मागून घ्या. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

फोन तिसऱ्याच कोणी उचलला, तर कॉल वळवलेले आहेत. सेटिंगमधून कॉल फॉरवर्डिंग तपासा, बहुतेक नेटवर्कवर ##००२# डायल केलं की सगळं वळवणं रद्द होतं. मात्र आपण वळवले नसताना ते वळलेले सापडले, तर विषय गंभीर आहे. "हा कोड डायल करा" म्हणून फोनवर फसवणाऱ्यांनी हा मार्ग इतका वापरला की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# ही वळवण्याची सोय बंद करायला लावली. अशा वेळी आधी बँकेला कळवा, फोनचं नंतर बघू.

उरतं ते "संपर्क क्षेत्राबाहेर" किंवा "स्विच ऑफ", आणि तेही फोन हातात, चालू आणि रेंजमध्ये असताना. सिम, कंपनी की हँडसेट हा प्रश्न खरा इथे सुरू होतो.

फुकटात होणारं

मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क काय निवडलंय ते बघा. नेट वेगाने चालावं म्हणून कोणीतरी "फक्त ४जी" करून ठेवलेलं असतं. व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच बोलण्याची सोय, चालू असेल तर त्याने बिघडत नाही. व्होल्टे बंद असेल तर ४जीवर कॉल येऊच शकत नाही, फोनला त्यासाठी जुन्या नेटवर्कवर उतरावं लागतं आणि तो रस्ता तर आपणच बंद केलेला. एअरटेलचं आणि बहुतेक ठिकाणी व्हीआयचं ३जी गेलं, २जी आहे, म्हणजे तिथे निदान उतरायला पायरी तरी आहे. जिओ २०१६ मध्ये आलं तेच ४जीवर, त्याच्याकडे २जी नाहीच. म्हणून जिओच्या सिमवर व्होल्टे बंद झालं की इनकमिंग संपलं. ५जी फोनवर थोडे दिवस ५जी बंद करून बघायलाही हरकत नाही.

वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून येणारे-जाणारे कॉल, हे दुधारी प्रकरण आहे. तळमजल्यावरच्या घरात किंवा कोकणात डोंगराच्या कुशीतल्या वाडीत रेंज नसेल आणि ब्रॉडबँड असेल, तर सगळ्यात स्वस्त उपाय हाच. वेगळे पैसे पडत नाहीत. पण राउटर पुढच्या खोलीत आणि तुम्ही मागच्या पडवीत असाल, तर फोन त्या मरतुकड्या वाय-फायला चिकटून राहतो आणि कॉल वाटेतच हरवतात. घरातच फोन लागत नसेल आणि बाहेर लागत असेल, तर हे बंद करून बघा.

दोन सिम वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरं सिम संपर्काबाहेर जातं. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. दिवसभर एका नंबरवर बोलणाऱ्याने दुसऱ्या नंबरसाठी सिम बदलून काही मिळणार नाही.

रिसेटबद्दल थोडक्यात: नेटवर्क सेटिंग रिसेट जरूर करा, त्यात वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या तेवढ्या जातात. फॅक्टरी रिसेट माझ्या मते या दुखण्यावर जवळजवळ कधीच करण्यासारखा नाही. यूपीआय, बँकेची अॅप, व्हॉट्सअॅपचा बॅकअप हे सगळं पुन्हा उभं करण्यात रविवार जातो.

सिमची अदलाबदल

पैसे खर्च करण्याआधी तुमचं सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि त्यांचं सिम तुमच्या फोनमध्ये, त्याच खोलीत. दुखणं सिमबरोबर गेलं, तर सिम किंवा कंपनी दोषी. फोनमध्येच राहिलं, तर हँडसेट. ई-सिम (फोनमध्येच असलेलं, काढता न येणारं सिम) असेल तर हे जमत नाही. ई-सिमचा हा तोटा कोणी सांगत नाही.

त्याच बैठकीत "फोनविषयी" मधली सिमची स्थिती उघडून सिग्नलचा आकडा बघा. वरच्या काड्यांवर फार विश्वास ठेवू नका, तो डीबीएमचा (सिग्नलची ताकद मोजण्याचं एकक) आकडा खरा. ४जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११० च्या पुढे अडचण, उणे १२० ला कॉल येणं नशिबावर.

सिम की पोर्ट?

सिग्नलचा आकडा चांगला आहे पण दुसऱ्या फोनमध्येही तेच होतं, तर नवं सिम घ्या. सिम दहा-बारा वर्षांपूर्वीचं, कापून लहान केलेलं असेल, तर फार विचार करू नका. खर्च किरकोळ आहे. त्रास असतो तो कागदांचा: नंबर ज्याच्या नावावर आहे त्यालाच जावं लागतं, आणि आपल्याकडे निम्म्या घरांत नंबर वडिलांच्या नाहीतर भावाच्या नावावर असतो. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे ओटीपी नाही. फीचा किंवा हप्त्याचा शेवटचा दिवस बघूनच जा.

आकडाच वाईट असेल, तर त्याच कंपनीचं नवं सिम घेऊन टॉवर जवळ येत नाही. तिथे पोर्ट हा उपाय. पण सिम बदलल्यानंतर ७ दिवस पोर्टचा कोड मिळत नाही, १ जुलै २०२४ पासून तसा नियम आहे. "आधी सिम बदलून बघू, नाही जमलं तर पोर्ट करू" हा समंजस वाटणारा क्रम म्हणून महाग पडतो. शिवाय आताच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावे लागतात. १९०० वर एसएमएस केल्यावर मिळणारा कोड आपल्याकडे ४ दिवस चालतो. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात, ३ कामाचे दिवस लागतात, सर्कल बदललं तर ५. मुंबई हे वेगळं सर्कल, बाकी महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. मुंबईचा नंबर घेऊन रत्नागिरीला राहायला गेलेल्याने ५ दिवस धरून चालावं.

पोर्टची खरी जोखीम वेगळीच आहे: शेजाऱ्याकडे फुल रेंज म्हणून आपल्याकडे येईलच असं नाही. नव्या कंपनीचं एक साधं प्रीपेड सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला आणि जिथे फोन लागत नाही नेमकं तिथेच बसून आकडा बघा. एका रिचार्जचे पैसे जातील, जाऊ द्या. पोर्ट करण्याआधी १९८ वर तक्रारही नोंदवा, हा कॉल फुकट असतो. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, पुढे अपील करायचं झालं तर तोच लागतो.

हँडसेट

दोष फोनमध्येच राहिला, तर *#०६# डायल करा. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, कोरा किंवा नुसती शून्यं दिसली तर सॉफ्टवेअर किंवा बोर्ड गेलाय. स्वस्तातल्या फोनवर बोर्डाचा खर्च करण्यापेक्षा तो बदललेला बरा. स्क्रीन बदलून आणल्यापासून रेंज पडली असेल, तर अँटेनाची बारीक वायर नीट बसलेली नसण्याची शक्यता मोठी. त्याच दुकानात परत जा, नवे पैसे देऊ नका.

भावाने अमेरिकेहून आणलेल्या फोनचं दुखणं वेगळं: हार्डवेअर उत्तम, पण इथल्या कंपनीसाठी व्होल्टे उघडलेलं नसतं. उलट दिशेनेही तेच. तिथली ३जी नेटवर्कं २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचा इथला फोन तिथल्या सिमवर कॉल घेईलच याची खात्री नाही. एटी अँड टी ही तिथली कंपनी तर ठरावीक मॉडेलच चालू देते, निघण्याआधी त्यांची यादी बघून घ्या.

नवा फोन घ्यायचा ठरलाच, तर बिल होण्याआधी आपलं सिम त्यात घालायला सांगा आणि काउंटरवरच्या माणसाला तुमचा नंबर लावायला सांगा.